ढगाचं भाडं कोण भरणार?

‘क्लाऊड कंप्युटिंग’ला मराठीत ‘मेघ-संगणन’ म्हणावं असं मध्ये कुणीतरी सुचवलं होतं. शब्द कानाला गोड आहे, पण माझा एक आक्षेप आहे. मेघ कुणाच्या मालकीचा नसतो. आपण ज्याला क्लाऊड म्हणतो तो मात्र चांगला सातबाऱ्यावर नाव असलेला, कुंपण घातलेला, दारावर वॉचमन बसवलेला असतो, आणि त्याचे मोठे जमीनदार जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आपण सगळे त्यांची कुळं.

जमीनदार हुशार आहेत, व्यवस्था चोख ठेवतात, यात वाद नाही. पण चोख म्हणजे किती चोख? २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस-३ या साठवणुकीच्या सेवेत, बिलिंगची काहीतरी कुरकुर शोधताना, एका माणसाने एक कमांड चालवली. चार-दोन सर्व्हर बाजूला काढायचे होते, कमांडमधला एक तपशील चुकला, आणि भलतेच सर्व्हर बंद पडले. पुढचे चार तास अर्धं आंतरजाल लंगडत होतं. गंमत म्हणजे ‘आमची सेवा बंद आहे’ हे सांगणारं त्यांचं पानही त्याच सेवेवर अवलंबून होतं, त्यामुळे तिथे बराच वेळ सगळं हिरवंगार! २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन नरक चतुर्दशीच्या दुपारी, त्याच कंपनीच्या व्हर्जिनियातल्या विभागात डीएनएसची एक नोंद आपोआप चालणाऱ्या दोन प्रोग्रामच्या भांडणात कोरी झाली आणि पुन्हा तेच. त्या दिवशी कॉइनबेससारखं क्रिप्टोचं दुकानही आडवं झालं. विकेंद्रित पैशाचं दुकान एका गावातल्या एका नोंदीमुळे बंद. आता बोला!

तर मंडळी, या वीकांताचा विषय असा: मालक नसलेला क्लाऊड करता येतो का? आणि केलाच तर त्याचं भाडं कोण, कुणाला आणि किती देतं? हा प्रश्न माझ्याकडे नुसता हौस म्हणून आलेला नाही, त्याची गोष्ट पुढे येईलच.

असे प्रयत्न बरेच झालेत. २०१६ च्या नोव्हेंबरात ‘गोलेम’ नावाच्या प्रकल्पाने अर्ध्या तासाच्या आत आठ लाख वीस हजार इथर गोळा केले. कल्पना अशी की तुमच्या घरचा रिकामा संगणक दुसऱ्याला भाड्याने द्यायचा. ‘आकाश’ नावाचाही एक आहे (नाव आपलंच, माणसं कॅलिफोर्नियातली), तिथे सर्व्हरवाले उलटा लिलाव करतात, जो स्वस्त देईल त्याच्याकडे तुमचा कंटेनर चालतो. पण या दोन्हींत साखळीवर असतो तो फक्त सौदा आणि पैसा. प्रत्यक्ष गणित होतं कुणा एकाच्या यंत्रावर. त्याने रात्री प्लग काढला तर तुमचा प्रोग्राम गेला. मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो प्रकल्प याच्या एक पायरी पुढे गेला आणि म्हणाला, प्रोग्राम स्वतःच साखळीवर चालेल. त्याचं नाव ‘इंटरनेट कंप्युटर’. (नाव ठेवताना नम्रपणा आड आला नसावा.)

याच्या मुळाशी डॉमिनिक विल्यम्स नावाचा ब्रिटिश माणूस आहे. त्याने त्याआधी ‘फाईट माय मॉन्स्टर’ नावाचा लहान मुलांचा ऑनलाईन खेळ चालवला होता. राक्षस बनवायचे आणि लढवायचे. खेळ अचानक लाखो पोरांनी उचलला आणि एका डेटाबेसवर भागेना, म्हणून त्याने कॅसान्ड्रा हा तेव्हा अगदी कोवळा असलेला वितरित डेटाबेस वापरला. ज्याने कधी वितरित डेटाबेस रात्री दोन वाजता सांभाळलाय त्याला कळेल की हा माणूस पुढे आयुष्यभर ‘अनेक यंत्रांचं एकमत कसं करायचं’ याच विचारात का पडला. इथेरियम आलं तेव्हा तो पालो आल्टोमध्ये होता. इथेरियमची मूळ कल्पना ‘जगाचा एक संगणक’ अशी होती, पण प्रत्येक यंत्राने प्रत्येक गणित करायचं असल्यामुळे तो संगणक चालायला भयंकर हळू आणि महाग. तिथे एक फोटो साठवायचा म्हटला तर घर गहाण पडावं. विल्यम्सचा प्रश्न होता, हाच संगणक वेगात कसा चालेल?

२०१६ च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमध्ये ‘डिफिनिटी’ नावाची संस्था नोंदवली गेली. नाव ‘डिसेंट्रलाइज्ड इन्फिनिटी’चं आखूड रूप. फेब्रुवारी २०१७ मध्ये बीजभांडवल गोळा झालं, सुमारे ३९ लाख स्विस फ्रँक. २०१८ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या बड्या गुंतवणूकदारांकडून दोन हप्त्यांत सोळा कोटी डॉलरच्या वर. त्या पैशातून त्यांनी जे केलं ते मला खरोखर आवडलं. जाहिरातीआधी माणसं जमवली. बेन लिन आला, म्हणजे २००१ च्या ‘बीएलएस’ सहीमधला मधला ‘एल’. यान कामेनिश आयबीएमची झुरिकची प्रयोगशाळा सोडून आला. वेबअसेम्ब्लीच्या जनकांपैकी आंद्रेआस रॉसबर्ग आला. येन्स ग्रोथ आला, ज्याच्या नावाने सांकेतिकशास्त्रात एक सिद्धतेची पद्धतच ओळखली जाते. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर एकाच संघात चार कप्तान. अशा संघाचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे, पण इथे निदान खेळपट्टी तरी नीट तयार झाली.

मग एकेक टप्पा, धातूंच्या नावाने. कॉपर, ब्राँझ, टंगस्टन, सोडियम, मर्क्युरी. २०२० च्या जानेवारीत दावोसला लिंक्डइनची नक्कल करून दाखवली, त्याच वर्षी जूनमध्ये टिकटॉकची. शेवटी १० मे २०२१ ला सगळ्यांसाठी दारं उघडली. बीजभांडवलवाल्यांना तीन-साडेतीन सेंटांना पडलेलं नाणं त्या दिवशी काही बाजारांत चारशे-पाचशे डॉलरच्याही वर गेलं, आणि जून संपेपर्यंत पन्नासाच्या खाली आलं. ज्यांनी वरती घेतलं त्यांच्याबद्दल काय बोलावं. अजूनही या प्रकल्पाचं नाव काढलं की निम्म्या लोकांना तो आलेखच आठवतो. मला त्यात रस नाही. (शिवाय आपल्याकडे २०२२ पासून असल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस. रस असून करायचंय काय?) मला आत काय चालतं ते बघायचं होतं.

आत चालतं ते असं.

जगभरच्या डेटा सेंटरांत काही माणसं आणि कंपन्या यंत्रं ठेवतात. घरचा जुना लॅपटॉप चालत नाही. ठरलेल्या प्रतीचं दणकट यंत्र लागतं, पाचशे जीबी मेमरी वगैरे, आणि ठेवणाऱ्याचं नाव-गाव जाहीर होऊन मतदानाने मंजूर व्हावं लागतं. बिटकॉइनच्या कर्मठांना हे अजिबात पसंत नाही. ‘परवानगी घेऊन कसली आली विकेंद्रितता?’ मुद्दा बरोबर आहे. पण यांचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. मालक निनावी असतील तर एकाच माणसाची शंभर यंत्रं शंभर नावांनी येतील, मग विकेंद्रित कशाला म्हणायचं? त्यापेक्षा मालक वेगळे, डेटा सेंटरं वेगळी, देश वेगळे, हे बघून निवडू.

या यंत्रांचे गट पाडतात, त्याला सबनेट म्हणतात. साध्या सबनेटमध्ये १३ यंत्रं. तेराच का? अशा एकमताच्या गणितात तीन अधिक एकाचा नियम असतो. चार यंत्रं बिघडली किंवा चोरांना मिळाली तरी गाडा चालायचा असेल तर एकूण तीन चोक बारा आणि एक, तेरा लागतात. तेरापैकी नऊ जणांचं एका उत्तरावर एकमत झालं की ते उत्तर पक्कं.

तुमचा प्रोग्राम ज्या डब्यात राहतो त्याला कॅनिस्टर म्हणतात. मी सरळ ‘डबा’च म्हणणार आहे. डब्यात दोन गोष्टी असतात, वेबअसेम्ब्लीमध्ये भाषांतरित झालेला प्रोग्राम आणि त्याची मेमरी. हा डबा तेराही यंत्रांवर जसाच्या तसा असतो. निरोप आला की तेराही जण तो एकाच क्रमाने ऐकतात, तेच गणित करतात आणि त्याच उत्तराला पोचतात. आता इथे गोची कळली का? साधा प्रोग्राम दोनदा चालवला तर दोनदा तंतोतंत तेच करेल याची हमी नसते. ‘किती वाजले’ विचारलं तर दोन यंत्रं दोन उत्तरं देतात. ‘एखादी यादृच्छिक संख्या दे’ म्हटलं तर काही विचारूच नका. म्हणून वेळ आणि यादृच्छिक संख्या या दोन्ही गोष्टी डब्याला बाहेरून, सगळ्यांनी मिळून ठरवलेल्याच मिळतात. वेबअसेम्ब्ली निवडण्याचं एक मोठं कारण हेच, की ती भाषा या बाबतीत बरीच शिस्तीची आहे.

प्रत्येक फेरीत पुढचा ठोकळा कुणी मांडायचा हे ठरवायला चिठ्ठी टाकतात. आपल्या भिशीसारखंच. फक्त भिशीत चिठ्ठी उचलायला कुणाचं तरी लहान पोर बोलावतात, कारण त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास असतो. तेरा अनोळखी यंत्रांमध्ये असं निरागस पोर आणायचं कुठून? इथे बेन लिनच्या सह्या कामाला येतात. सगळ्यांनी मिळून मागच्या फेरीवर एक संयुक्त सही करायची, त्या सहीचे अंक म्हणजेच चिठ्ठी. या सहीचा गुण असा की ती एकच होऊ शकते, कुणीही कितीही खटपट केली तरी वेगळी काढता येत नाही, आणि पुरेसे जण सही करेपर्यंत कुणालाच आधी कळत नाही. भिशीतल्या काकूंना हे दाखवलं पाहिजे.

आणि ही संयुक्त सही हाच या सगळ्याचा आत्मा आहे, त्यामुळे जरा थांबतो. समजा तुमच्या सोसायटीचं सहकारी बँकेत खातं आहे. चेकवर अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्या लागतात. निवडणूक झाली, कमिटी बदलली, की नव्या सह्यांचे नमुने, ठरावाची प्रत, केवायसी, पासपोर्ट साईझ फोटो.. ज्यांनी हे केलंय त्यांना मी आणखी काही सांगायला नको. आता अशी कल्पना करा की कमिटीतल्या प्रत्येकाकडे सहीचा एक तुकडा आहे. पुरेसे तुकडे एकत्र आले की एकच सही उमटते, आणि कोण-कोण आले होते ते त्या सहीवरून कळतसुद्धा नाही. कमिटी बदलली की जुने लोक नव्यांना नवे तुकडे वाटून देतात, जुने तुकडे निकामी होतात, पण उमटणारी सही तीच राहते! बँकेला काही कळवायची गरज नाही. पूर्ण सही कधीच कुणा एकाच्या हातात नसते, अगदी पहिल्या दिवशीसुद्धा नसते. ती तुकड्यांतच जन्मते. ग्रोथने याची जी पद्धत बसवली तिच्यात तुकडे वाटताना सगळ्यांनी एकाच वेळी हजर असण्याचीही गरज पडत नाही.

याचा तुम्हा-आम्हाला फायदा काय? बिटकॉइनमध्ये एखादी गोष्ट खरी आहे का ते स्वतः तपासायचं तर पहिल्या दिवसापासूनची वही उतरवून घ्यावी लागते, शेकडो जीबी. इथे एक जाहीर किल्ली ब्राउझरमध्ये ठेवली की पुरे. उत्तरासोबत आलेली सही जुळली म्हणजे ते तेरांच्या बहुमताचं उत्तर आहे. जुने ठोकळेही मग कायम ठेवत नाहीत, ठरावीक टप्प्यांवर सद्यस्थितीचा ठसा घेतात आणि मागचं टाकून देतात. ‘वहीच फाडून टाकता, मग ही ब्लॉकचेन कसली?’ असं विचारणारे आहेत. मला विचाराल तर हा शब्दांचा वाद आहे, ‘डेटा’ की ‘विदा’ यासारखा. दोन्ही बाजूंनी तलवारी उपसल्या जातात आणि प्रोग्राम आपला चालत राहतो.

वेगाचं काय? दोन प्रकारचे निरोप असतात. काही बदलायचं असेल तर तेरांचं एकमत, त्याला सेकंद-दोन सेकंद लागतात. नुसतं वाचायचं असेल तर कुठलंही एक यंत्र लगेच उत्तर देतं, काही मिलिसेकंदांत. ते एक यंत्र खोटं बोललं तर? म्हणून महत्त्वाच्या उत्तरांवर आधीच सगळ्यांची सही घेऊन ठेवायची सोय आहे. वेबसाईटची पानं अशीच आधी सही करून ठेवलेली असतात.

भाड्याकडे येतो. इथेरियमवर व्यवहार करणाऱ्याने दरवेळी खिशातून गॅस भरायचा. इथे उलटं आहे, डबा स्वतःचं भाडं स्वतः भरतो आणि वाचणाऱ्याला काहीच पडत नाही. डब्यात ‘सायकल’ नावाचं इंधन भरून ठेवायचं आणि ते क्षणाक्षणाला जळत राहतं. नाणं जाळलं की सायकली मिळतात, आणि एक ट्रिलियन सायकलींची किंमत एक एसडीआर अशी बांधलेली आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन, १९६९ सालचं. कुठल्याच केंद्रावर विश्वास न ठेवणाऱ्यांनी इंधनाचा भाव वॉशिंग्टनच्या टोपलीला बांधावा, हे मला फार लोभस वाटतं. पण निर्णय शहाणपणाचा आहे. नाणं सातशेवरून सातवर आलं तरी डब्याचं भाडं तेवढंच राहतं.

आता माझी गोष्ट.

२००५ साली आम्ही काही ट्रेकवाल्या मित्रांनी गडांची एक साईट केली होती. आमच्यातला एकजण तिचा प्राण. कुठल्या टाक्यातलं पाणी मेपर्यंत टिकतं, कुठल्या वाडीत रात्री कुणाच्या ओसरीवर पथारी टाकता येते, कुठली पायवाट २००५ च्या पावसात वाहून गेली, हे सगळं तो दर सोमवारी ऑफिसला जाण्याआधी लिहायचा. शिवाय त्याने हाताने काढलेले नकाशे. जीपीएस हातात यायच्या आधीचे, ‘इथे करवंदीची जाळी, डावीकडे ठेवा’ असे. २०१९ मध्ये तो गेला. हार्ट ॲटॅक, वय ४६. होस्टिंगचं खातं त्याच्या नावावर, कार्ड त्याचं, आठवणीच्या मेल त्याच्याच मेलबॉक्समध्ये, ज्याचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. होस्टिंगवाल्या कंपनीने नियमाप्रमाणे तीन मेल पाठवल्या, मग साईट बंद केली, मग साठ दिवसांनी पुसली. आम्ही फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, अकाउंट होल्डरलाच बोलायला सांगा ना.” डोमेन कुणीतरी उचललं आणि त्यावर सट्ट्याच्या जाहिराती लावल्या.

वहिनींना हे त्यांच्या मुलीकडून कळलं. तिला कॉलेजात कुणालातरी बाबांचं लिखाण दाखवायचं होतं. वहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, त्याचं बाकी काही मागत नाही मी. पण ते गडांचं कुठे गेलं हो?”

इंटरनेट आर्काइव्हवर बरंचसं सापडलं, काही माझ्या आणि आणखी दोघांच्या सीडींवर. नकाशांचे मूळ कागद वहिनींकडे होतेच, ते पुन्हा स्कॅन केले. सगळं मिळून १.२ जीबी भरलं. मग वहिनींचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त अवघड गेला: “आता असं कुठेतरी ठेवता येईल का, की आपल्यापैकी कुणी असो-नसो, ते राहील?”

म्हणून मी हिशेबाला बसलो. तेरा यंत्रांच्या सबनेटवर एक जीबी साठवायला सेकंदाला १ लाख २७ हजार सायकली जळतात. वर्षाच्या सेकंदांनी गुणा, चार ट्रिलियन होतात. म्हणजे चार एसडीआर, म्हणजे साडेपाच डॉलरच्या आसपास. ॲमेझॉनच्या एस-३ वर तोच एक जीबी वर्षाला अठ्ठावीस सेंटांच्या आत पडतो. सरळसरळ वीसपट महाग! आणि एस-३ वालेही तुमची वस्तू निदान तीन वेगळ्या ठिकाणी ठेवतात, ते काही एका पेटीत टाकून मोकळे होत नाहीत. तेव्हा ‘विकेंद्रित क्लाऊड स्वस्त पडतो’ असं कुणी सांगितलं तर त्याला हा गुणाकार दाखवा. फोटोंची दुकानं, व्हिडिओ, कंपन्यांचे लॉग, असल्या गोष्टींना हे परवडणारं नाही.

पण १.२ जीबीला दहा वर्षांचे जेमतेम ५० ट्रिलियन, म्हणजे उणेपुरे सहा हजार रुपये. तेही आज एकरकमी भरून टाकायचे. दरवर्षी कार्ड चालू असण्याची अट नाही, आणि हेच आमच्या कामाचं. दुसरी गोष्ट याहून मोठी. एस-३ चं बिल खातेदारच भरू शकतो, पण डब्यात सायकली कुणीही टाकू शकतं. ओळख सांगावी लागत नाही, पासवर्ड लागत नाही, फक्त डब्याचा क्रमांक हवा. देवळातल्या दानपेटीसारखं. पेटीत टाकता येतं, काढता येत नाही. “अकाउंट होल्डरला बोलायला सांगा” म्हणणारा तिथे कुणी नाही.

डबा बदलण्याचा हक्क ज्यांना असतो त्यांना कंट्रोलर म्हणतात. सगळे कंट्रोलर काढून टाकले तर तो डबा कुणालाच, अगदी बनवणाऱ्यालाही, बदलता येत नाही. मला मोह झाला होता. पण मित्राच्या मुलीने विचारलं, “काका, एखाद्या टाक्यातलं पाणी खराब झालं तर ते लिहायचं कुठे?” गडाची माहिती गोठवली की ती धोक्याचीच होते. म्हणून तीन कंट्रोलर ठेवले: ती, मी आणि आमच्यातला आणखी एकजण. तिघांनाही वेगवेगळा हक्क आहे, एक गेला तरी बाकीच्यांचं अडत नाही.

चढवायला एक शनिवार गेला. त्यातला निम्मा नाणं विकत घेऊन जाळण्यात. सायकली संपत आल्या की डबा गोठतो, आपण काही बदललं नसेल तर तीस दिवसांचं भाडं शिल्लक असतानाच, म्हणजे शेवटच्या क्षणी कुणाला धावता यावं. तेवढ्यातही कुणी आलं नाही तर आतलं सगळं पुसलं जातं. यंत्राला दया-माया नाही, पण निदान शिल्लक कळायला कुणाच्या मेलबॉक्सचा पासवर्ड लागत नाही. मी ती मुदत तीस दिवसांवरून वर्षभरावर नेऊन ठेवली.

आता ज्याची मला खरी धास्ती आहे ते. डब्याला दहा वर्षांचं इंधन आहे, पण साखळीला? यंत्रं ठेवणाऱ्यांना महिन्याचा मोबदला एसडीआरमध्ये ठरलेला असतो आणि दिला जातो नाण्यांत. नाण्याचा भाव पडला की तेवढ्याच मोबदल्यासाठी जास्त नाणी छापावी लागतात. सायकलींसाठी जळणारी नाणी छापलेल्यांपेक्षा कमी असली की ही तूट नाणेधारकांच्या खिशातून जाते. ते किती वर्षं जाऊ देतील? नियम बदलायची सोय ‘नेटवर्क नर्व्हस सिस्टिम’मध्ये आहे. नाणी अडकवून ठेवायची, जितकी जास्त काळ अडकवाल तितकं मत वजनदार. सुरुवातीच्या नियमांत आठ वर्षांपर्यंत. यंत्र घ्यायचं-काढायचं, दर बदलायचा, खुद्द प्रणालीचा नवा प्रोग्राम चढवायचा, सगळं मतदानाने, आणि ठराव मंजूर झाला की तो आपोआप अमलात येतो. बहुतेक लोक स्वतः मत देत नाहीत, कुणाच्या तरी मागे लागून देतात, आणि त्यात डिफिनिटीच्या मागे जाणारे पुष्कळ. आपल्या साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. मंजूर, मंजूर! पण एक फरक आहे, इथला प्रत्येक ठराव आणि त्यावरचं मतदान कुणालाही वाचता येतं. २०२१ मध्ये कुणीतरी डब्यात ‘सुपर मारियो ६४’ चढवला आणि निन्टेन्डोची नोटीस आली, तेव्हा ‘काढायचं कुणी, आणि काढायचा अधिकार असावा का’ यावर तिथे उघड उघड भांडण झालं. मोठ्या जमीनदाराकडे हा निर्णय एका बंद खोलीत झाला असता.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. साखर कारखान्यासकट. त्या म्हणाल्या, “म्हणजे नक्की काहीच नाही.” म्हटलं, नाही. म्हणून तीच १.२ जीबी तीन घरांतल्या तीन हार्ड डिस्कवर आहे आणि इंटरनेट आर्काइव्हवरही नव्याने जमा केली आहे. नकाशांचे छापील संच काढले, त्यातला एक मित्राच्या आवडत्या गडाखालच्या वाडीत, ज्या ओसरीवर आम्ही झोपायचो तिथे दिला. त्या आजोबांनी तो देवघरातल्या फळीवर ठेवलाय, दमट हवेत तो किती टिकेल कोण जाणे.

एक गाठ मात्र सुटली नाही. डब्याचा पत्ता म्हणजे अर्थहीन अक्षरांची लांबलचक माळ, ती कुणाच्या लक्षात राहणार? ब्राउझरमधून डब्यापर्यंत पोचायला मध्ये एक दरवाजा लागतो, आणि लोकांना सांगता येईल असं नाव हवं तर साधं, जुनं, केंद्रीय पद्धतीचं डोमेनच घ्यावं लागतं. ते दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीसाठी नोंदवताच येत नाही. यावेळी ते वहिनींच्या नावावर घेतलंय, कार्ड मुलीचं आहे, आणि आठवणीच्या मेल चौघांना जातात.